थोरिन अजून गातो आहे

१९८९ च्या पावसाळ्यात दर रविवारी दूरदर्शनवरचे महाभारत संपले, की पुण्यातल्या पेठेतल्या एका वाड्यात माझ्या मित्राच्या घरचा टीव्ही आम्हा दोघांच्या ताब्यात येई. टीव्हीला मागून एक काळी चपटी पेटी जोडलेली असे आणि तिच्या शेजारी साधा टेपरेकॉर्डर. कॅसेट सुरू केली, की पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावू लागत आणि कानाला चरे पाडणारा चिरका आवाज येई. चार-पाच मिनिटे आम्ही हलतसुद्धा नसू. शेवटच्या क्षणी 'टेप लोडिंग एरर' असे उमटले, तर छोट्या स्क्रू ड्रायव्हरने टेपच्या हेडचा स्क्रू पाव पीळ फिरवायचा, कॅसेट मागे न्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मित्राची आजी स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का रे तुमचं यंत्र गाऊन?"

ती पेटी म्हणजे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणला. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. त्याच्या सुधारित रूपाचा, म्हणजे स्पेक्ट्रम प्लसचा परवाना घेऊन पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तो भारतात विकला. आपल्याकडच्या संगणकाच्या इतिहासात बँका, रेल्वेचे आरक्षण आणि निर्यात यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मध्यमवर्गीय घरातल्या टीव्हीमागे बसलेल्या या पेटीबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. या लेखाचा विषय त्याहूनही क्षुल्लक वाटेल असा आहे: त्या पेटीत चालणारा एक खेळ आणि त्या खेळातल्या चुका.

खेळाचे नाव 'द हॉबिट'. आमची कॅसेट अर्थातच कुणाकडून तरी कुणीतरी उतरवून घेतलेली होती आणि तिच्यावर बॉलपेनने एवढाच शब्द लिहिलेला होता. घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात तो सापडेना. मूळ खेळ इंग्लंडात १४ पौंड ९५ पेन्सला मिळे आणि त्याच्या खोक्यात कॅसेटबरोबर टोल्कीन यांची 'द हॉबिट' ही कादंबरीही असे. पुस्तक वाचावे आणि मग खेळावे, अशी योजना होती. खोके आमच्यापर्यंत आलेच नाही. पुस्तक कुठेतरी वाटेतच राहिले आणि नुसती कॅसेट पोहोचली. या एका गोष्टीमुळे पुढची सगळी गंमत आणि सगळा घोटाळा झाला.

खेळ असा. पडद्यावर एक चित्र हळूहळू, रेघ रेघ ओढत उमटते आणि मग त्यात रंग भरला जातो. तुम्ही बिल्बो. तुमच्या घरात गँडाल्फ नावाचा जादूगार आहे आणि थोरिन नावाचा एक बुटका. गँडाल्फ तुम्हाला एक चमत्कारिक नकाशा देतो. आता काय करायचे ते इंग्रजीत टाइप करून सांगायचे: दार उघड, पूर्वेला जा, दोर उचल. तुम्ही काहीच टाइप केले नाही तरी वेळ थांबत नाही. थोडा वेळ गेला, की थोरिन 'घाई कर' म्हणतो. आणखी थोडा वेळ गेला, की तो खाली बसतो आणि सोन्याविषयी गाऊ लागतो.

हे गाणे सर्वत्र चालू असे. राक्षस समोर उभे आहेत, थोरिन गातो आहे. गॉब्लिनांच्या अंधारकोठडीत अडकलो आहोत, थोरिन बसून गातो आहे. गँडाल्फ आमच्या हातातल्या वस्तू 'हे काय आहे' म्हणत घेऊन निघून जाई आणि मग कुठल्या दिशेला गेला याचा पत्ता नसे. एलरॉन्डला नकाशा वाच म्हणावे, तर तो सरळ 'नाही' म्हणे. पुन्हा विनंती केली, की कधी वाचे, कधी नाही. एकदा एका वाटेवर आम्हाला मेलेला गॉब्लिन सापडला. आम्ही त्याला मारले नव्हते. मग कोणी मारले? मित्राने दोनशे पानी वही घातली होती. डावीकडच्या पानांवर नकाशे आणि उजवीकडे एक यादी, तिचे शीर्षक 'थोरिन कसा मेला'. ती यादी लांबत गेली. थोरिनचे मरण आम्हाला परवडणारे नव्हते, कारण अंधारकोठडीची खिडकी बिल्बोच्या उंचीच्या वर होती. थोरिनला 'मला उचलून घे' असे सांगायचे आणि मग खिडकीतून निसटायचे, ही तिथली मुख्य युक्ती. थोरिन आधीच कुठेतरी मेलेला असेल तर कोठडीत बसून कोणी दार उघडेल याची वाट पाहायची, नाहीतर कॅसेट मागे न्यायची.

आम्हाला वाटे, ही गोष्टच अशी आहे. हा थोरिन म्हणून कोणी गाणारा, आळशी, कमनशिबी बुटका असणार आणि लेखकाने त्याला असाच रंगवलेला असणार. पुस्तक मी वाचले ते पुढे आठ-नऊ वर्षांनी, रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचलून. तेव्हा कळले, की पुस्तकात तेरा बुटके आहेत, थोरिन त्यांचा मानी राजा आहे आणि तो मरतो अगदी शेवटी, पाच सैन्यांच्या लढाईनंतर, बिल्बोची क्षमा मागून. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. ज्याला आम्ही गॉब्लिनांच्या गुहेत पन्नासदा मरू दिले होते, तो हा. पुस्तकातही बुटके गातात, पण ते सुरुवातीला, बिल्बोच्या घरी, रात्री, हरवलेल्या राज्याच्या आठवणीने. खेळात त्यातला फक्त 'गातो' एवढा भाग उरला होता.

असे का झाले, हे शोधण्यात माझी गेली काही वर्षे गेली. मी ना संगणकतज्ज्ञ, ना इंग्रजीचा प्राध्यापक. जे मिळाले ते वाचत गेलो.

या प्रकारच्या खेळांचा मूळपुरुष विल क्राउथर. अमेरिकेत 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीत अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या कामावर असलेला हा प्रोग्रामर, आणि नाद गुहांचा. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहासमूहात तो उतरलेला होता. घटस्फोटानंतर, १९७५-७६ च्या सुमारास, आपल्या मुलींसाठी त्याने त्या गुहेवर बेतलेला एक शब्दखेळ लिहिला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला. त्याचे नाव 'ॲडव्हेंचर'. सगळ्या प्रकाराला नाव मिळाले ते त्यावरून. हा खेळ जगभरच्या विद्यापीठांतल्या मोठ्या संगणकांवर पसरला आणि मेलबर्न विद्यापीठात व्हेरॉनिका मेग्लर नावाच्या एका विद्यार्थिनीनेही तो खेळला.

मेग्लरला १९८१ मध्ये आल्फ्रेड मिलग्रोम यांच्या बीम सॉफ्टवेअर या कंपनीत अर्धवेळ काम मिळाले. आजवरचा सर्वांत चांगला साहस-खेळ कर, असे तिला सांगण्यात आले होते. तिच्याबरोबर फिलिप मिचेल होता. वाक्य समजून घेणारा भाग, ज्याला त्यांनी 'इंग्लिश' या शब्दाचेच स्पेलिंग बदलून नाव दिले, तो मुख्यतः त्याने आणि स्टुअर्ट रिची यांनी केला. चित्रे केंट रीस यांची. मेग्लरने जग रचले.

तिने पुढे या कामाच्या आठवणी लिहिल्या आहेत आणि त्यांत 'ॲडव्हेंचर'बद्दलची तिची तक्रार येते. एकदा नकाशा काढून झाला आणि कोडी सुटली, की त्या खेळात काहीच उरत नाही. दरोडेखोर तिथेच, खजिना तिथेच. तिला प्रत्येक वेळी वेगळा घडणारा खेळ हवा होता. म्हणून तिने दोन गोष्टी केल्या. पहिली, वस्तूंना गुण दिले: वजन, आकार, घनता. कोणती वस्तू कशात मावते, कोण काय उचलू शकतो, काय फुटते, हे प्रत्येक प्रसंगासाठी वेगळे न लिहिता सामान्य नियमांनी ठरू लागले. दुसरी, पात्रांना स्वतःचे चलनवलन दिले. प्रत्येक पात्रापाशी करण्याच्या गोष्टींची एक यादी. आपली पाळी आली, की ते त्यातले काहीतरी करते. आणि ज्या नियमांनी बिल्बो बांधलेला, त्याच नियमांनी तेही. बिल्बो दार उघडू शकतो तर गॉब्लिनही उघडू शकतो. बिल्बोला मारता येते तर थोरिनलाही.

इथेच घोडे पेंड खाते. राक्षस पहाटेच्या उजेडाने दगड होतात, हा पुस्तकातला प्रसंग खेळात आहे. उजाडेपर्यंत दूर थांबायचे आणि मग किल्ली उचलायची. लेखक प्रसंग लिहितो तेव्हा बाकीचे सगळे जग त्याच्यासाठी थांबून राहते. मेग्लरच्या जगात कोणी कुणासाठी थांबत नाही. तुम्ही पहाटेची वाट पाहत असता तेव्हा डोंगरापलीकडे गॉब्लिन फिरत असतात, आपसात भिडत असतात. शेवटी ड्रॅगनला बाण मारायचा आहे तो बार्डने, तुमच्या सांगण्यावरून. तोवर बार्ड जिवंत असेलच, याची हमी देणारी एकही ओळ प्रोग्रामात नाही. आमच्या वाटेवरचा तो मेलेला गॉब्लिन अशाच एखाद्या भानगडीत गेला असणार.

शिवाय जागेची टंचाई होती. मूळ कादंबरी सुमारे ९५ हजार शब्दांची. ती नुसती अक्षरशः संगणकात भरायची म्हटली, तर पाच लाखांहून अधिक बाइट लागतील. स्पेक्ट्रमची सगळी स्मृती ४८ केबी, म्हणजे ४९ हजार १५२ बाइट, आणि त्यातले जवळजवळ सात हजार पडद्यासाठीच राखीव. उरलेल्यात नियम, नकाशा, चित्रे, शब्दकोश आणि माणसे. तेरा बुटक्यांचा एक बुटका झाला तो यामुळे. त्या एकट्यापाशी पाळी आली की करायला दोन-चारच गोष्टी होत्या, म्हणून राजा थोरिन घाई कर म्हणत राहिला आणि गात राहिला.

खऱ्या अर्थाने ज्यांना बग म्हणतात, ते याखेरीज होते. स्पेक्ट्रमवर या खेळाच्या १.०, १.१, १.२ अशा आवृत्त्या निघाल्या, त्या काही हौसेखातर नव्हेत. आणि हे स्वाभाविक होते. ज्या खेळात पात्रे आपल्या मनाने वागतात, तो पुरता तपासायचा कसा? 'ॲडव्हेंचर'सारख्या खेळात तपासनीस प्रत्येक वाट चालून पाहू शकतो. इथे वाट तीच असली तरी दुसऱ्या दिवशी तिच्यावर वेगळे काही घडते. चूक पुन्हा घडवून दाखवा म्हटले, तर दाखवता येत नाही.

हा खेळ १९८२ मध्ये बाहेर पडला तेव्हा मेग्लर कंपनी सोडून गेलेली होती. ती पुढे आयबीएममध्ये गेली, आणि आपण लिहिलेल्या खेळावर लोक किती जीव टाकतात हे तिला कळले ते फार उशिरा. मिचेलने 'शेरलॉक' हा पुढचा खेळ केला (१९८४). त्यात पात्रे आणखी स्वतंत्र, आगगाड्या वेळापत्रकाने सुटणाऱ्या, आणि चुका इतक्या, की त्यासाठीच तो प्रसिद्ध झाला. मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरचे खेळ आले, टोल्कीनच्या त्या मोठ्या ग्रंथाचे एकेक तुकडे करून. त्यांच्याबद्दल लिहावे असे मला काही सापडले नाही.

टोल्कीनप्रेमींना खेळातला हा थोरिन म्हणजे पुस्तकाची विटंबना वाटते, असे मी अनेकदा ऐकले आहे. त्यांना मी 'हॉबिट'च्याच पाचव्या प्रकरणाची आठवण करून देतो. पुस्तक पहिल्यांदा प्रसिद्ध झाले २१ सप्टेंबर १९३७ रोजी. त्या आवृत्तीत गॉलम कोड्यांची पैज लावतो आणि हरल्यास अंगठी भेट देण्याचे कबूल करतो. हरल्यावर ती आणायला जातो, सापडत नाही, तेव्हा दिलगिरी व्यक्त करतो आणि बदल्यात बाहेरची वाट दाखवतो. बऱ्यापैकी सज्जन प्राणी. पुढे टोल्कीन 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहू लागले आणि ती अंगठी जगाला गिळू पाहणारी वस्तू ठरली. अशी अंगठी कोणी भेट देईल कशी? आधीच्या पुस्तकात आता धडधडीत विसंगती उभी राहिली. १९४७ मध्ये त्यांनी त्या प्रकरणाचा नवा मसुदा केवळ नमुना म्हणून प्रकाशकाकडे धाडला. १९५० मध्ये नव्या आवृत्तीची मुद्रिते हातात आली तेव्हा त्यांना आश्चर्य वाटले, कारण नमुना मजकूर थेट पुस्तकात घेतला गेला होता. १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून गॉलम आज आपल्याला माहीत आहे तसा झाला.

पण टोल्कीन तिथे थांबले नाहीत. जुन्या आवृत्तीच्या प्रती वाचकांच्या घरी होत्याच. म्हणून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये त्यांनी लिहून टाकले, की बिल्बोने आधी खोटी हकिगत सांगितली होती, अंगठीवरचा आपला हक्क बळकट करण्यासाठी, आणि ती त्याच्या आठवणींच्या मूळ प्रतीत तशीच राहिली. म्हणजे लेखकाची चूक पात्राचे खोटे बोलणे झाली, आणि ते खोटे हीच अंगठीच्या दुष्टपणाची पहिली खूण ठरली. आपल्याकडे पोथ्यांच्या पाठभेदांवर उभे आयुष्य घालवणाऱ्या संशोधकांना यात नवल वाटणार नाही. मला वाटले, कारण एवढ्या काटेकोर लेखकाकडून मी ते अपेक्षिले नव्हते.

हा सगळा युक्तिवाद मी माझ्या त्या मित्राला ऐकवला. तो गेली पंचवीस वर्षे परदेशात आहे आणि सॉफ्टवेअर तपासण्याचेच काम करतो. ऐकून घेतले आणि म्हणाला, "टोल्कीननी चूक दुरुस्त केली. या लोकांनी खोक्यात भरून विकली. आपण फुकट खेळलो म्हणून तुला ती गोड लागते. चौदा पौंड पंच्याण्णव मोजलेल्या पोराला विचार, चार तास खेळून बार्ड मेलेला निघाल्यावर त्याला काय वाटलं." याला माझ्यापाशी उत्तर नाही. मी मोजलेच असतील तर रविवार मोजले, आणि तेही त्याच्याच घरचे.

तरी एका बाबतीत मी हटत नाही. चुका काढून टाकायच्या तर थोरिनला अमर करावे लागले असते, गँडाल्फला एका जागी बसवावे लागले असते, एलरॉन्डच्या तोंडून 'नाही' काढून घ्यावे लागले असते. म्हणजे मेग्लरला जे टाळायचे होते तेच हाती आले असते. विक्रम-वेताळाच्या गोष्टीत वेताळ दर वेळी झाडावर परततो, पण दर वेळी गोष्ट वेगळी सांगतो. म्हणून आपण 'चांदोबा'चा पुढचा अंक आणत होतो. त्या काळातले किती खेळ मी शेवटपर्यंत पार केले, ते आठवत नाहीत. हा आमच्याकडून कधीच पुरा झाला नाही आणि याची वही मात्र माझ्या कपाटात आहे. मित्राने देश सोडताना ती माझ्याकडे दिली.

काही वर्षांपूर्वी एका हौशी अभ्यासकाने 'वाइल्डरलँड' नावाचा एक प्रोग्राम तयार केला. त्यात मूळ खेळ जसाच्या तसा चालतो आणि बाजूला, खेळणाऱ्याला एरवी न दिसणारे, सगळे काही दिसत राहते: कोणते पात्र या क्षणी कुठे आहे, कोणती वस्तू कुणाकडे आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, व्हिडिओ कॉलवर मित्र पलीकडे आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप, असा आम्ही तो सुरू केला. ठरवले, की बिल्बोला घराबाहेर काढायचेच नाही, काहीही टाइप करायचे नाही, नुसते बघायचे. बाजूच्या खिडकीत गॉब्लिनांच्या गुहांमध्ये नावे इकडून तिकडे सरकू लागली. आम्ही ज्यांना भेटायलाही गेलो नव्हतो, असे कोणी कोणी आपापल्या वाटेला लागले होते. वहीतली डावी पाने मी समोर धरली. नकाशा दोन ठिकाणी चुकला होता.

त्याच्याकडे मध्यरात्र उलटली होती आणि चित्र अडकत होते. त्याने विचारले, "थोरिन आहे का अजून?"

"आहे," मी म्हणालो. "गातोय."